घासणे, विसळणे आणि त्यानंतर

मुंबई आणि पुण्याकडचे रस्ते पनवेलला मिळतात आणि राष्ट्रीय महामार्ग ६६ इथूनच कोकणात उतरतो. त्यामुळे या गावात खानावळींची वानवा नाही. गेली काही वर्षे मी त्यांच्या भटारखान्यांतल्या रात्रीच्या आवराआवरीचा अभ्यास करतो आहे. जेवणाविषयी आपण पुष्कळ लिहितो. गिऱ्हाईक उठल्यावर मोरीत काय होते, याची नोंद क्वचितच होते.

भांड्यांबाबत मराठीत चांगली क्रमवाचक क्रियापदे आहेत : खरकटे काढणे, घासणे, विसळणे, पालथे घालणे. या क्रमामागे शास्त्र आहे. चुलीतली राख अल्कधर्मी, म्हणून ती तेलकटपणा सोडवते. चिंच आम्लधर्मी, म्हणून तांब्या-पितळेवरचा डाग काढते. परंतु लख्ख दिसणारे भांडे जंतुरहित असतेच असे नाही. इग्नाझ सेमेलवाइस यांनी १८४७ साली व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात डॉक्टरांना क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुवायला लावले आणि बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने घटले. साबणाने धुतलेले हात पुरेसे नव्हते.

व्यावसायिक भटारखान्यात म्हणूनच विसळल्यानंतर आणखी एक पायरी येते. पाच टक्क्यांचे सोडियम हायपोक्लोराइट दहा लिटर थंड पाण्यात २० मिलिलिटर घातले, की दशलक्ष भागांत सुमारे १०० भाग क्लोरीन मिळतो. कापायच्या फळ्या, सुऱ्या, ओटे यांना हे पाणी किमान दोन मिनिटे लागू द्यावे आणि मग ते हवेवर वाळवावेत. खांद्यावरच्या फडक्याने पुसले, तर सगळी मेहनत वाया जाते. खरकटे राहिलेल्या फळीवर हे पाणी ओतण्यातही अर्थ नाही. क्लोरीन अन्नकणांवरच खर्ची पडतो. हे पाणी रोज ताजे करावे. अधिक ओतल्याने अधिक शुद्धी होत नाही. उलट स्टीलला खड्डे पडतात आणि हाताची कातडी सोलवटते.

अन्नसुरक्षेच्या २०११ च्या परवाना नियमांतील अनुसूची ४ मध्ये स्वच्छतेच्या अटी आहेत. भिंतीवर परवाना टांगला जातो. मात्र बाटल्यांवर नावे अनेकदा नसतात. पाण्याच्या जुन्या बाटलीत कुठे फरशीचे ॲसिड, कुठे ब्लीच. खरा धोका इथे आहे. ही दोन्ही एकत्र आली, की क्लोरीन वायू सुटतो. १९१५ साली ईप्रच्या रणभूमीवर सोडला गेला तोच. ब्लीच अमोनियायुक्त द्रावणात मिसळले, तर क्लोरामाइन हा विषारी वायू तयार होतो. ॲल्युमिनियमच्या पातेल्यावर कॉस्टिक सोडा पडला, तर पातेले खाल्ले जाते आणि ज्वलनशील हायड्रोजन सुटतो.

क्लोरीन हवेच्या सुमारे अडीचपट जड असतो. तो जमिनीलगत साचतो. मालक गल्ल्यावर बसतो, आचारी उभा असतो. मोरीत उकिडवी बसून भांडी घासणारी बाई तो सर्वांत आधी श्वासात घेते. म्हणून रसायने मूळ डब्यातच ठेवावीत, त्यांवर मराठीत आणि कामगाराला वाचता येईल त्या भाषेत नाव लिहावे, ॲसिड आणि ब्लीच वेगळ्या कपाटांत असावे, हातमोजे द्यावेत आणि धुण्याच्या वेळी दारे-खिडक्या उघड्या ठेवाव्यात. वास नाकाला झोंबला, तर त्यावर काही न ओतता सगळ्यांनी मोकळ्या हवेत जावे आणि डॉक्टरांना गाठावे; फुप्फुसांना सूज काही तासांनीही येऊ शकते.

हा सारा खर्च एका थाळीच्या किमतीत बसतो. खानावळीची पारख करताना ताटाबरोबर मोरीकडेही पाहावे, असे मला वाटते.