प्रीपेड कार्ड कंपन्या : नफा कुठून येतो, कुठे अडतो?

ज्यांचे बँकेत खाते नाही किंवा ज्यांना बँका दारात उभे करीत नाहीत, अशा ग्राहकांना आगाऊ पैसे भरून वापरायचे कार्ड द्यायचे आणि त्यातून कमाई करायची, हा प्रीपेड कार्ड कंपन्यांचा व्यवसाय. ग्राहक पैसे आधीच भरत असल्याने कर्ज बुडण्याची भीती फारशी नसते. त्यामुळे हा धंदा बिनधोक वाटतो. प्रत्यक्षात त्याची जोखीम कर्जात नसून परावलंबित्वात दडलेली असते. अमेरिकेतील ग्रीन डॉट कंपनीची वाटचाल त्याचे बोलके उदाहरण आहे.

या व्यवसायात उत्पन्नाचे स्रोत प्रामुख्याने चार : कार्डाचे मासिक शुल्क, त्यात रोकड भरण्याचे शुल्क, प्रत्येक खरेदीमागे दुकानदाराकडून मिळणारा हिस्सा आणि ग्राहकांच्या शिल्लक रकमेवरील व्याज. मात्र कार्ड विकायला दुकान लागते. स्टीव्ह स्ट्राइट यांनी १९९९ मध्ये स्थापन केलेली ग्रीन डॉट जुलै २०१० मध्ये प्रतिशेअर ३६ डॉलर दराने न्यूयॉर्क शेअर बाजारात आली, तेव्हा तिचे निम्म्याहून अधिक उत्पन्न एकट्या वॉलमार्टच्या दुकानांतून येत होते.

स्पर्धा वाढल्याचे सांगत कंपनीने जुलै २०१२ मध्ये वार्षिक अंदाज खाली आणला आणि शेअर एकाच दिवसात सुमारे ६१ टक्के कोसळला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये वॉलमार्टने अमेरिकन एक्स्प्रेसच्या साथीने ‘ब्लूबर्ड’ हे स्वस्त कार्ड बाजारात आणले. पुढे शेअर सावरला. २०१८ मध्ये तो ९० डॉलरच्या आसपास पोहोचला. परंतु शुल्क न आकारणाऱ्या डिजिटल बँकांची स्पर्धा वाढताच २०१९ मध्ये पुन्हा घसरगुंडी झाली.

दुसरे अवलंबित्व नियामकाचे. कंपनीने २०११ मध्ये युटा राज्यातील एक छोटी बँक विकत घेतली. स्वतःची बँक हाती आली, तशी देखरेखही वाढली. जुलै २०२४ मध्ये शुल्काची अपुरी माहिती देण्यासह विविध त्रुटींबद्दल फेडरल रिझर्व्हने ४ कोटी ४० लाख डॉलरचा दंड ठोठावला. नोव्हेंबर २०२५ मध्ये तर कंपनीचा बँक व्यवसाय आणि तंत्रज्ञान व्यवसाय वेगवेगळ्या हाती सोपविण्याचा करार जाहीर झाला.

भारतीय गुंतवणूकदारांनाही हा धडा नवा नाही. पेटीएमची मूळ कंपनी वन ९७ कम्युनिकेशन्सने नोव्हेंबर २०२१ मध्ये २,१५० रुपये दराने शेअर विकले. जानेवारी २०२४ च्या अखेरीस रिझर्व्ह बँकेने पेटीएम पेमेंट्स बँकेला नव्या ठेवी आणि वॉलेटमधील भरणा स्वीकारण्यास मनाई करणारा आदेश काढला. बंधने बँकेवर होती; तीत मूळ कंपनीचा हिस्सा ४९ टक्के होता. तरीही त्या कंपनीचा शेअर सलग दोन दिवस २० टक्क्यांनी घसरून खालच्या मर्यादेला अडकला.

तात्पर्य, अशा कंपनीत पैसा गुंतवण्यापूर्वी ग्राहकसंख्येच्या आकड्यांवर भुलून चालणार नाही. एका भागीदाराकडून किती टक्के उत्पन्न येते, शुल्क बुडाले तर नफा उरतो का आणि बँकेचा परवाना कोणाच्या नावे आहे, या तीन प्रश्नांची उत्तरे वार्षिक अहवालात शोधावीत. ती समाधानकारक नसतील, तर स्वस्त वाटणारा शेअरही महागच पडतो.