तुटलेला मज्जातंतू आणि तासभराचा करंट: गैरसमज व वस्तुस्थिती

विळी, काच किंवा यंत्राने हात कापला आणि मज्जातंतू तुटला, तर सर्जन तो सूक्ष्मदर्शकाखाली शिवतात. त्यानंतर शस्त्रक्रियेच्या टेबलावर किंवा लगेच पुढे तासभर सौम्य करंट देण्याची एक पद्धत आहे. तिच्याकडून नेमकी काय अपेक्षा ठेवायची?

गैरसमज: टाके भरले की संवेदना परत येते.
वस्तुस्थिती: टाक्यांनी फक्त आवरण जुळतं. तुटल्या जागेपुढचे तंतू नष्ट होतात आणि नवे तंतू वरून वाढत यावे लागतात, दिवसाला साधारण 1 मिलिमीटर. मनगटापासून बोटाच्या टोकापर्यंत यायला सहा महिने सहज लागतात.

गैरसमज: करंटमुळे तंतू भरभर वाढतात.
वस्तुस्थिती: वाढीचा वेग तोच राहतो. एरवी बरेच तंतू जोडापाशीच कित्येक आठवडे रेंगाळतात. करंटमुळे मूळ चेतापेशीत वाढीला पोषक प्रथिनं अधिक तयार होतात आणि तंतू जोड लवकर ओलांडतात. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठात टेसा गॉर्डन आणि सहकाऱ्यांनी 2000 साली उंदरांवर हे दाखवलं.

गैरसमज: जितका जास्त वेळ, तितका जास्त गुण.
वस्तुस्थिती: त्या प्रयोगांत सेकंदाला 20 स्पंद, असा एका तासाचा करंट दोन आठवड्यांच्या करंटइतकाच उपयोगी ठरला.

गैरसमज: फिजिओथेरपीतलं करंटचं मशीन म्हणजे हेच.
वस्तुस्थिती: ते सहसा स्नायू हलवण्यासाठी किंवा दुखणं कमी करण्यासाठी असतं. इथे इलेक्ट्रोड मज्जातंतूवर, जोडाच्या वरच्या बाजूला लावतात, कारण संदेश पाठीच्या कण्याजवळच्या मूळ पेशीपर्यंत पोचायला हवा. घरच्या मशीनने तो परिणाम मिळेल असं समजू नका.

गैरसमज: हा उपचार आता पुरता सिद्ध झाला आहे.
वस्तुस्थिती: माणसांवरच्या चाचण्या उमेद देणाऱ्या आहेत, पण लहान आहेत. बोटाचा मज्जातंतू तुटलेल्या 36 रुग्णांच्या चाचणीचे निष्कर्ष 2015 साली आले. त्यात करंट मिळालेल्यांची संवेदना अधिक चांगली परतली.

गैरसमज: करंट मिळणार असेल तर उशीर चालतो.
वस्तुस्थिती: मज्जातंतूविना राहिलेला स्नायू वर्ष-दीड वर्षात कायमचा निकामी होऊ लागतो. वेळेवर केलेली शिवण आणि नंतरचा नियमित व्यायाम यांना पर्याय नाही. जखम लहान दिसली तरी बोट बधिर असेल किंवा हलत नसेल, तर त्याच दिवशी सर्जनला दाखवा.