एका लहरीचे अनेक वांटेकरी

एकत्र कुटुंबांत वस्तूंचे दोन प्रकार असतात. समईचा प्रकाश हा पहिल्या प्रकारांतला. माजघरांत एक माणूस बसो वा दहा बसोत, कोणाच्याहि वांट्याचा उजेड दुसऱ्यामुळें कमी होत नाहीं. तुपाची वाटी दुसऱ्या प्रकारांतली. पंक्तीला पानें वाढलीं कीं प्रत्येकाच्या भातावरील धार तेवढी बारीक होते. गच्चीवर उभारलेल्या अँटेनानें किंवा छत्रीनें धरलेली दूरचित्रवाणीची लहर ह्या दोहोंपैकीं कोणत्या प्रकारांत मोडते, हा प्रश्न वरवर पोरकट वाटेल. परंतु ज्या घरांत दिवाणखान्यांत एक, मुलासुनेच्या खोलींत दुसरा व आजीच्या खोलींत तिसरा असे तीन संच आहेत, त्या घरांतील बऱ्याच कुरबुरी ह्याच प्रश्नाचें उत्तर चुकल्यामुळें उद्भवतात, असें आमचें मत आहे.

उत्तर असें आहे. लहर जोंपर्यंत आकाशांत आहे, तोंपर्यंत ती समईच्या प्रकाशासारखी आहे. शेजाऱ्यानें आपली अँटेना उभारली म्हणून आपल्या पडद्यावरील चित्र फिकें होत नाहीं. पण तीच लहर एकदां तारेंत उतरली कीं ती तूप होते. मग मात्र जितके वांटेकरी, तितका प्रत्येकाचा वांटा लहान; आणि हा हिशेब कोणाच्याहि भिडेनें बदलत नाहीं.

मुंबईचें दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजीं सुरू झालें. नागपुरास घरोघरीं चित्रें दिसूं लागावयास त्यानंतर बराच काळ जावा लागला. पुढें सेमिनरी हिल्सवर दूरदर्शनचें केंद्र आलें, आणि महाल, धंतोली, धरमपेठ, लक्ष्मीनगर ह्या भागांतील कौलांवर व गच्च्यांवर अॅल्युमिनियमच्या दांड्यांच्या अँटेना उगवल्या. त्या काळीं अडचण आजच्या उलट होती. संच एक आणि पाहणारे पन्नास! २५ जानेवारी १९८७ पासून ‘रामायण’ मालिका सुरू झाली, तेव्हां रविवारीं सकाळीं ज्याच्या घरीं संच असे त्याची ओसरी साऱ्या वाड्याची मालमत्ता होई. तीच मालिका टाळेबंदीच्या दिवसांत २८ मार्च २०२० पासून पुन्हां दाखविली गेली. त्या वेळीं वाडे जाऊन त्या जागीं चारमजली इमारती उभ्या होत्या, ओसऱ्या उरल्या नव्हत्या, आणि एकाच कुटुंबांतील माणसें तेंच दृश्य निरनिराळ्या खोल्यांतून पाहत होतीं. पूर्वीं माणसें एका पडद्याभोंवतीं वांटून बसत. आतां पडद्यांमध्यें लहर वांटावी लागते.

ही अडचण एकट्या आमचीच आहे असें मात्र नाहीं. अमेरिकेंतील ऑरेगन प्रांतांत अॅस्टोरिया नांवाचें एक गांव आहे. तेथील एड पार्सन्स ह्या गृहस्थानें १९४८ सालीं, पत्नीच्या हौसेखातर, सुमारे २०० किलोमीटरांवरील सिअॅटल शहराचें प्रक्षेपण पकडण्यासाठीं एका हॉटेलाच्या माथ्यावर अँटेना उभारून तेथून आपल्या घरांत तार आणली. चित्र दिसूं लागतांच घरीं पाहुण्यांची अशी रीघ लागली कीं, त्यांतून सुटण्यासाठीं त्यास हॉटेलांत व शेजाऱ्यांकडे तारा ओढून द्याव्या लागल्या. आज ज्यास आपण केबल म्हणतों, त्या धंद्याच्या पहिल्या मुळांपैकीं हें एक होय.

जी अँटेना आमच्या गच्च्यांवर दिसे, तिचीहि एक कथा आहे. जपानांतील सेंडाई येथील तोहोकू विद्यापीठांत शिंतारो उदा व हिदेत्सुगु यागी ह्या दोघांनीं १९२६ च्या सुमारास ही रचना जगापुढें मांडली. प्रयोगाचे कष्ट मुख्यतः उदा ह्यांचे. पण जगाच्या तोंडीं नांव बसलें तें ‘यागी अँटेना’ असें. लहरीची वांटणी पुढें स्प्लिटरानें साधली, श्रेयाची मात्र साधली नाहीं.

आतां प्रत्यक्ष हिशेबाकडे वळूं. दोन तोंडांचा स्प्लिटर लावला कीं तत्त्वतः प्रत्येक वाटेस निम्मी शक्ति मिळते. प्रत्यक्षांत तो डबा स्वतःहि थोडी दलाली घेतो, म्हणून वांटा निम्म्याहून किंचित् कमी पडतो. तंत्रज्ञांच्या भाषेंत ही घट सुमारे साडेतीन डेसिबल. चार तोंडांच्या स्प्लिटरांत ती सुमारे सात डेसिबल होते. म्हणजे चौथा हिस्सा न मिळतां पांचवाच पदरांत पडतो. आठ वांटे केले तर अकरावा-बारावा हिस्सा हातीं येतो. शिवाय तार स्वतःहि वाटेंत खाते. आर. जी. ६ जातीच्या चांगल्या केबलींत २०० मेगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरीची ३० मीटरांत निम्मी शक्ति जिरते. छत्रीकडून उतरणाऱ्या लहरीची कंपनसंख्या याहून पुष्कळ अधिक असल्यानें तिचा तेवढ्याच अंतरांत जेमतेम सहावा हिस्सा उरतो. चार वांटे आणि ३० मीटर केबल असा छत्रीचा मेळ घातला, तर मागल्या खोलींत मूळ शक्तीच्या तिसाव्या हिश्शाइतकीच पोंचते.

एवढ्यावर बहुधा भागतें. कारण संचाला लागणारी शक्ति अगदीं थोडी असते. पण भागतें तें काठावर, आणि येथेंच खरी मेख आहे. जुन्या पद्धतींत शक्ति घटली कीं पडद्यावर मुंग्या दिसत, तरी माणसें ओळखूं येत. नव्या डिजिटल पद्धतींत चित्र एका मर्यादेपर्यंत निर्दोष असतें, आणि ती मर्यादा ओलांडली कीं त्याचे चौकोन चौकोन होऊन तें एकदम नाहींसें होतें. त्यांत पावसाची जोरदार सर उपग्रहाकडून येणारी लहर आणखी क्षीण करते. मग दिवाणखान्यांतील मंडळी म्हणतात, “आमच्याकडे तर स्वच्छ दिसत आहे,” आणि मागल्या खोलींतील वृद्ध माणूस रिमोटची बटणें दाबीत बसतो. त्यास रिमोट चालवितां येत नाहीं असा घरांतील सर्वांचा ग्रह होतो. वस्तुतः त्याचा दोष कांहींच नसतो. त्याच्या वांट्यास काठावरची लहर आलेली असते, एवढेंच.

ह्या कामांत घरगुती कारागिरीनें होणारे घोटाळे पुष्कळ. सर्वांत मोठा म्हणजे तार मधोमध सोलून तिला दुसरी तार पिळणें आणि वर काळी टेप गुंडाळणें. विजेच्या दिव्यास ही युक्ति चालते. लहरीस चालत नाहीं. दूरचित्रवाणीची केबल ७५ ओहम ह्या मापाला अनुसरून बनविलेली असते. जोडावर तें माप बिघडलें कीं लहरीचा कांहीं भाग भिंतीवर आपटलेल्या चेंडूसारखा मागें फिरतो. जुन्या चित्रांत एका माणसामागें दुसरा फिका माणूस उभा दिसे, त्याचें एक कारण हेंच. म्हणून जोड स्प्लिटरानेंच करावा, आणि त्याचें जें तोंड रिकामें राहील त्यावर ७५ ओहमचें टोपण बसवावें. हें टोपण अगदीं किरकोळ किंमतीचें असतें, म्हणूनच बहुधा तें कोणी लावीत नाहीं.

दुसरा घोटाळा बूस्टरचा. चित्र बिघडलें कीं संचामागें बूस्टर लावण्याची वहिवाट आहे. पण बूस्टर लहरीबरोबर तिच्यांत मिसळलेला गोंगाटहि वाढवितो. सीताबर्डीच्या गर्दींत दुरून कोणी हाक मारली आणि आपण ध्वनिवर्धक कानाशीं धरला, तर हाकेबरोबर गाड्यांचे भोंगेहि तितकेच मोठे होतील. बूस्टरची जागा गच्चीवर, अँटेनाच्या अगदीं निकट, लांब केबल सुरू होण्याच्या आधीं. तेथें लहर अजून निर्मळ असते. ती वाढवून मग वांटली तर वांटणी बाधत नाहीं. मात्र प्रक्षेपणाचा मनोरा जवळ असतां बूस्टर लावणें म्हणजे संचाला अजीर्ण करणें होय.

आज परिस्थिति पालटली आहे. कांहीं मोजकीं सामरिक महत्त्वाचीं ठिकाणें वगळतां दूरदर्शननें आपलीं जुन्या पद्धतीचीं भूप्रक्षेपणें २०२२ पर्यंत बहुतेक आटोपतीं घेतलीं, आणि खासगी वाहिन्यांना आपल्या देशांत असें भूप्रक्षेपण कधीं मिळालेंच नाहीं. त्यामुळें जुन्या दांड्यांची जागा छत्रीनें घेतली. डिसेंबर २००४ मध्यें सुरू झालेली व आज ‘डीडी फ्री डिश’ ह्या नांवानें चालणारी दूरदर्शनची सेवा मासिक वर्गणीवांचून मिळते. तिचा उपग्रह जी-सॅट १५ हा ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे व नागपूर सुमारे ७९ अंशांवर. म्हणून येथील छत्रीची नजर आग्नेयेस, क्षितिजापासून सुमारे ६० अंश वर लागते. त्या दिशेस शेजारची इमारत किंवा कडुनिंबाचा विस्तार आड येत नाहीं ना, हें आधीं पाहावें.

छत्रीच्या बाबतींत वांटणीला एक नवा पेंच आहे. जुनी अँटेना मुकी होती. छत्रीच्या तोंडाशीं बसविलेला डबा, ज्यास कारागीर एलएनबी म्हणतात, तो हुकूम पाळतो. संचाजवळील बॉक्स त्यास त्याच केबलींतून वीज पाठवितो. १३ व्होल्ट पाठविले तर तो उभ्या कंपनाच्या लहरी खालीं देतो आणि १८ व्होल्ट पाठविले तर आडव्या कंपनाच्या. दोन बॉक्सांनीं एकाच डब्यास एकाच वेळीं निरनिराळे हुकूम दिले, तर दोन धन्यांच्या चाकरासारखी त्याची गत होते. दोघांच्याहि वाहिन्या एकाच प्रकारच्या असल्या तर उपग्रहाच्या लहरींसाठीं बनविलेला, वीज एकाच वाटेनें जाऊं देणारा स्प्लिटर पुरतो. नाहींतर दोन किंवा चार तोंडांचा एलएनबी घ्यावा आणि प्रत्येक तोंडापासून प्रत्येक संचापर्यंत स्वतंत्र केबल न्यावी. ह्यांत लहर आधीं वाढविली जाते व मग वांटली जाते. म्हणून कोणाचाच घांस कमी होत नाहीं. एकाच बॉक्साचें चित्र अनेक पडद्यांना जोडण्याचा मार्ग स्वस्त खरा. पण मग सर्व घरास तीच वाहिनी पाहावी लागते, आणि रिमोट ज्याच्या हातीं त्याचें राज्य!

आमच्या नागपुरच्या हवेचाहि विचार करावयास हवा. २३ मे २०१३ रोजीं येथें पारा ४७.९ अंशांवर चढला होता. अशा उन्हांत हलक्या प्रतीच्या केबलीचें वेष्टन तडकतें, आणि मृगाचें पाणी त्या फटींतून आंत शिरतें. बाहेरची केबल उन्हास टिकणाऱ्या काळ्या वेष्टनाचीच घ्यावी. घरांत शिरण्यापूर्वीं तिला खालीं एक झोळ द्यावा, म्हणजे पाणी तेथूनच ठिबकून जातें. संक्रांतींत मांजा अडकून छत्रीची दिशा सरकते आणि वानरांना तर तो झोपाळाच वाटतो. म्हणून बैठकीचे बोल्ट वर्षांतून दोनदां आवळावे. वळवाच्या विजांपासून रक्षणासाठीं खांब जमिनीशीं जोडलेला असावा, आणि गडगडाट सुरू होतांच संचाची केबल काढून ठेवावी.

एका इमारतींतील बिऱ्हाडांनीं मिळून वर्गणीवांचूनच्या सेवेची एक छत्री उभारली, तर गच्चीवरील दाटी टळून खर्चहि वांचतो. परंतु पैसे घेऊन दुसऱ्यांस जोड देऊं लागणें हा व्यवसाय झाला, व त्यास १९९५ च्या केबल टेलिव्हिजन कायद्याप्रमाणें नोंदणी लागते. वर्गणी भरून घेतलेल्या खासगी सेवेची तार शेजारीं देणें हेंहि करारास सोडून होय.

शेवटीं, आमच्या मतें सर्वांत महत्त्वाची गोष्ट. तीन तोंडांच्या स्प्लिटरांपैकीं बऱ्याच प्रकारांत वांटे सारखे नसतात. एका तोंडांतून निम्म्याच्या आसपास शक्ति मिळते, उरलेल्या दोहोंतून पांचवा-पांचवा हिस्सा. घट किती तें डब्यावर प्रत्येक तोंडाशीं छापलेलें असतें. साडेतीन जेथें लिहिलें असेल तें मोठें तोंड. कारागीर तें बहुधा दिवाणखान्यास जोडतो, कारण काम दाखविण्याची व पैसे घेण्याची जागा तीच. वास्तविक दिवाणखान्याची केबल आंखूड असते. त्यास लहान तोंड सहज पुरतें. मोठें तोंड ज्या खोलीची केबल सर्वांत लांब तिच्यासाठीं राखावें, आणि बहुतेक घरांत ती खोली वृद्धांची असते. सारखी वांटणी ही नेहमींच न्याय्य वांटणी नसते, हें आपल्या घरांतील वडीलधाऱ्या बायका पानें वाढतांना पूर्वींपासून जाणतात. आजाऱ्यास व लेकुरवाळीस त्या न मागतां अधिक वाढतात. कारागीर घरीं आला असतां दहा मिनिटें त्याच्याबरोबर गच्चीवर उभें राहावें, डब्यावरील आंकडे वाचावे, आणि लांबच्या खोलीची तार आपल्या डोळ्यांदेखत मोठ्या तोंडास लावून घ्यावी. त्यास खर्च कांहींच नाहीं.