गोळी सरळ जात नसते

नांदेड जिल्ह्यात मुदखेडला आणि इकडे लातूरला केंद्रीय राखीव पोलीस दलाची प्रशिक्षण केंद्रं आहेत, चाकूरला सीमा सुरक्षा दलाचं. भरतीची तयारी करणारी पोरं पहाटे रस्त्यावर धावताना या भागात गावोगाव दिसतात. लांब पल्ल्याच्या एखाद्या नव्या रायफलचा व्हिडिओ मोबाइलवर आला की त्यांच्या गप्पा रंगतात. बंगळुरूच्या एसएसएस डिफेन्सची ‘सेबर’ .338 लापुआ मॅग्नम काडतूस वापरते आणि दीड हजार मीटरपर्यंत मारा करते, हे कळल्यावर तर विचारायलाच नको. जाड नळी, वरची दुर्बीण, पुढचे दोन पाय पाहून डोळे दिपतात. पण त्या पहिल्या नजरेतच काही चुकीच्या समजुती मनात घर करतात. यातली काही पोरं उद्या खरोखर चांदमारीच्या मैदानावर पालथी पडून नेम धरणार आहेत, म्हणून त्या आधीच निघालेल्या बऱ्या.

सगळ्यात घट्ट समज म्हणजे गोळी ताणलेल्या सुतासारखी सरळ जाते. ज्वारी हुरड्यात आल्यावर माळ्यावर उभं राहून ज्यानं गोफण फिरवली, त्याला खरं तर उत्तर ठाऊक असतं. लांबच्या थव्यावर दगड टाकायचा तर तो चढाच सोडावा लागतो. गोळीचंही तसंच. नळीतून सुटल्या क्षणापासून ती खाली यायला लागते. .308 काडतुसाची लांब पल्ल्याची गोळी सेकंदाला सुमारे 790 मीटर वेगानं सुटते, तरी 500 मीटरवर पोचेपर्यंत नळीच्या सरळ रेषेखाली अडीच-तीन मीटर उतरलेली असते. हजार मीटरवर हीच घट तीन मजली इमारतीच्या उंचीहून जास्त होते. म्हणून दुर्बिणीवरची चकती फिरवून नळी किंचित वर रोखावी लागते. अनेक दुर्बिणींमध्ये चकतीची एक ‘टिक’ 100 मीटरवर एक सेंटिमीटरचा फरक करते, हजार मीटरवर दहा सेंटिमीटरचा. अंतर मोजण्यात चूक झाली, की बाकी सगळं बरोबर असूनही गोळी मातीत.

दुर्बीण असली की नेम आपोआप लागतो, हा दुसरा समज. दुर्बीण लक्ष्य मोठं दाखवते, तशी खांद्याची आणि श्वासाची थरथरही मोठी दाखवते. ती थांबवत नाही. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं 2024च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात 451.4 गुण मिळवून कांस्यपदक आणलं, ते दुर्बिणीशिवाय. या प्रकारात भिंग लावलेली दुर्बीण चालतच नाही. 50 मीटरवरचं दहा गुणांचं वर्तुळ जेमतेम 10.4 मिलिमीटरचं असतं, शर्टाच्या बटणाएवढं. गुडघ्यावर, पालथं आणि उभं राहून तेच टिपायचं. कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंतनं 2010 साली म्युनिकला 50 मीटर प्रोन प्रकारात जगज्जेतेपद मिळवलं, तेही असंच. या दोघांच्या यशामागे वर्षानुवर्षं चाप दाबण्याचा एकच हलका, न हिसकणारा दाब घोटलेला आहे. नवी रायफल हातात आल्यावर आधी तिच्या चापाची ओळख करून घ्यावी असं मला वाटतं. नळीचं कौतुक नंतर.

आता वारा आणि ऊन. मराठवाड्याच्या पोरांना इथे मी जरा जास्त वेळ थांबवणार आहे, कारण ही गोष्ट त्यांच्या घरची आहे. मे महिन्यात तापलेल्या काळ्या रानावर हवा लहरताना आपण लहानपणापासून बघतो. मृगजळ म्हटलं की फसवणूक, एवढंच आपल्या भाषेनं शिकवलं. लांब पल्ल्याचा नेमबाज मात्र ते वाचतो. दुर्बिणीतून लहरी सरळ वर उकळताना दिसल्या, तर आडवा वारा जवळपास नाही. त्या उजवीकडे पळत असतील, तर वारा तिकडे वाहतोय. लहरी जितक्या आडव्या आणि सपाट, तितका वारा जोराचा. मृगजळ लक्ष्याला जागेवरून हललेलं दाखवतं हेही खरं, म्हणून सावध राहायचं. पण ते दिसलं म्हणून नेमच धरायचा नाही, हा गैरसमज. ताशी 16 किलोमीटरचा आडवा वारा 500 मीटरवर .308ची गोळी दोन फुटांहून अधिक ढकलतो. आणि असा वारा म्हणजे आपल्याकडे पानं हलवणारी साधी झुळूक.

उन्हाचा आणखी एक परिणाम आहे. लातूर समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटर उंचीवर. पारा 42 अंशांवर गेला की तिथली हवा समुद्रकाठच्या 15 अंशांच्या हवेपेक्षा जवळपास 15 टक्के विरळ होते. गोळीला अडथळा कमी, त्यामुळे ती कमी घसरते आणि थोडी वर लागते. म्हणून डिसेंबरच्या सकाळी झिरो केलेली, म्हणजे दुर्बिणीचा नेम आणि गोळीची जागा जुळवलेली रायफल मेच्या दुपारी हजार मीटरवर तीच खूण टिपेल असं धरून चालता येत नाही. जाणकार माणूस रायफलसोबत एक वही ठेवतो. अंतर, तापमान, वारा, किती टिक फिरवल्या, पहिली गोळी थंड नळीतून कुठे लागली, सगळं त्यात लिहितो.

कायद्याबद्दलही घोळ असतो. परवाना मिळाला की कुठलीही रायफल घेता येते, असं नाही. लष्करी वापराच्या अनेक कॅलिबरच्या रायफली सामान्य नागरिकाला निषिद्ध आहेत. शस्त्र कायद्यातल्या 2019च्या दुरुस्तीनंतर साधारण परवानाधारकाला जास्तीत जास्त दोन शस्त्रं ठेवता येतात. लग्नात, मिरवणुकीत हौसेनं गोळी झाडून इतरांचा जीव धोक्यात घातला, तर दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. वर गेलेली गोळी खाली येतेच, हे गोफणवाल्याला सांगावं लागत नाही.

उलट, सुरुवात करायला मोठा परवाना लागतो हाही गैरसमजच. 4.5 मिलिमीटरपर्यंतच्या आणि 20 ज्यूलपर्यंत ताकदीच्या एअर रायफलला शस्त्रपरवाना लागत नाही. ऑलिंपिकची एअर रायफल याच 4.5 मिलिमीटरची आणि अंतर फक्त 10 मीटर. एनसीसीत गेलेल्या मुलामुलींना .22 रायफलवरही हात बसवता येतो. दहा मीटरसाठी बंदिस्त, सुरक्षित भिंतीची लांबट खोली आणि शेजारी उभा राहणारा जाणता प्रशिक्षक पाहिजे. उदगीर, देगलूर किंवा मुखेडच्या एखाद्या शाळेत अशी खोली निघू शकते. तिथे वारा नसतो, मृगजळ नसतं. श्वास, चाप आणि समोरचा अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका, एवढंच असतं.