करवतीची साखळी

साखळी-करवत पेट्रोलवर चालते. तिच्या पट्टीभोवती दातेरी साखळी फिरते. ती फांदी कापते, तसे बोटही कापते. म्हणून साखळीला हात लावण्याआधी इंजिन बंद करा, प्लगची टोपी काढा, चामडी हातमोजे घाला.

कापताना ढलप्या पडतात तोवर धार ठीक. बारीक भुसा पडू लागला, की दात बोथट झाले समजा. दातांच्या मापाची गोल कानस घ्या. आतून बाहेर, एकाच दिशेने घासा. सर्व दातांना सारखेच हात द्या. नाही तर करवत एका बाजूला ओढते.

साखळी निवल्यावर ताण बघा. ती पट्टीला खालून टेकलेली हवी, पण हाताने सरकली पाहिजे. सैल साखळी निसटून अंगावर येते. तेल संपू देऊ नका. घाई नको, बाबांनो. गेलेले बोट परत येत नाही.