अंधारचित्रसंग्रह, खगोलीय छायाचित्रणातील

अंधारचित्रसंग्रह : कॅमेऱ्याच्या संवेदकावर प्रकाश मुळीच पडू न देता, परंतु आकाशाचे छायाचित्र घेताना असते तेवढेच तापमान, उद्भासनकाल व प्रवर्धन ठेवून घेतलेल्या चित्रास अंधारचित्र अथवा डार्क फ्रेम म्हणतात. अशी चित्रे निरनिराळ्या परिस्थितींसाठी आधीच घेऊन, त्यांची सरासरी काढून पुनःपुन्हा वापरता येतील अशा रीतीने जतन केली म्हणजे त्यांचा संग्रह तयार होतो. आकाशाच्या चित्रातून योग्य अंधारचित्र वजा केल्यास संवेदकाने स्वतः निर्माण केलेला खोटा प्रकाश निघून जातो व मंद अभ्रिका, दीर्घिका इत्यादींचे खरे रूप स्पष्ट होते.

अंधारातील विद्युत् प्रवाह : रासायनिक तबकड्यांच्या काळातही असा दोष होता. २२ जानेवारी १८९८ रोजीच्या खग्रास सूर्यग्रहणाच्या वेळी जेऊर (जि. सोलापूर) येथे कावसजी दादाभाई नेगमवाला यांनी वर्णपटाची छायाचित्रे घेतली, ती अशाच तबकड्यांवर. तबकडीवर प्रकाशाविना येणारे धूसर पटल मात्र चित्रातून वजा करणे सोपे नव्हते. विलर्ड बॉइल व जॉर्ज स्मिथ यांनी १९६९ मध्ये बेल प्रयोगशाळेत सीसीडी संवेदकाची कल्पना मांडली. अशा संवेदकामुळे चित्र हे आकड्यांचे कोष्टक बनले आणि दोषाची वजाबाकी शक्य झाली.

सिलिकॉनातील काही इलेक्ट्रॉन उष्णतेमुळेच मुक्त होतात व प्रकाशाने मुक्त झालेल्या इलेक्ट्रॉनांत मिसळतात. हाच अंधारप्रवाह होय. तो उद्भासनकालाच्या प्रमाणात साचतो आणि तापमान सु. ६° से. वाढले की साधारणपणे दुप्पट होतो. सर्व चित्रकणांत तो सारखा नसतो. काही चित्रकण अतिशय गळके असून ते चित्रात ताऱ्यांसारखे चमकतात. त्यांना तप्त चित्रकण म्हणतात. अनेक सीमॉस संवेदकांत मंडलाच्या उष्णतेमुळे व प्रकाशामुळे एका कडेस उजळपणाही दिसतो. मोठ्या वेधशाळांतील संवेदक बहुधा द्रव नायट्रोजनाच्या साहाय्याने इतके थंड ठेवतात की, अंधारप्रवाह नगण्य ठरतो. हौशी निरीक्षकाला ही सोय नसते. म्हणून अंधारचित्रांचे महत्त्व त्याला अधिक वाटते.

संग्रहाची आवश्यकता : खानदेशात ही गरज विशेष तीव्र आहे. धुळ्याच्या उत्तरेस मुंबई–आग्रा महामार्गावर वसलेले सोनगीर सु. २१° उ. अक्षांशावर आहे. तेथून धनू राशीतील आकाशगंगेचा मध्यभाग क्षितिजापासून जास्तीत जास्त सु. ४०° उंचीवर येतो. हा भाग मध्यरात्री मध्यमंडलावर येतो तो जूनच्या तिसऱ्या आठवड्यात, म्हणजे पावसाळी ढग आलेले असतात तेव्हा. त्यामुळे त्याच्या छायाचित्रणास एप्रिल व मे महिन्यांतील उत्तररात्रीच उरतात. मेच्या मध्यास तो २०° हून अधिक उंचीवर येईपर्यंत जवळजवळ मध्यरात्र होते आणि पहाटे साडेचारच्या सुमारास संधिप्रकाश सुरू होतो. हे साडेचार तास वर्षातील सर्वांत उष्ण दिवसांतील असतात. हिवाळ्यात संवेदकाचे तापमान १५° से. व मे महिन्यात ३५° से. धरले, तर मे महिन्यातील अंधारप्रवाह सु. दसपट होतो.

प्रत्येक चित्रानंतर तेवढ्याच वेळाचे अंधारचित्र आपोआप घेऊन वजा करण्याची सोय पुष्कळ कॅमेऱ्यांत असते. ती वापरल्यास साडेचार तासांपैकी निम्मा वेळ झाकण लावल्यासारखाच जातो. शिवाय एका चित्रातून एकच अंधारचित्र वजा केल्याने त्या दुसऱ्या चित्रातील यादृच्छिक गोंगाटाची भर पडते व एकूण गोंगाट १·४ पट होऊ शकतो. २५ अंधारचित्रांच्या सरासरीने तयार केलेले प्रधान अंधारचित्र वापरल्यास ही वाढ केवळ सु. २ टक्के राहते. संग्रहामुळे रात्रीचा वेळ वाचतो आणि चित्रही सुधारते.

संग्रह करण्याची पद्धत : कॅमेरा दुर्बिणीपासून सोडवून त्यावर घट्ट झाकण लावतात व तो अंधाऱ्या खोलीत ठेवतात, दृश्यदर्शकाच्या खिडकीतून येणारा प्रकाशही अडवावा लागतो. प्रवर्धन अथवा आयएसओ अंक, उद्भासनकाल व तापमान ही प्रत्यक्ष छायाचित्रणातील मूल्यांशी जुळली पाहिजेत. चित्रे संस्कार न केलेल्या कच्च्या स्वरूपात साठवितात आणि कॅमेऱ्यातील स्वयंचलित गोंगाटशमन बंद ठेवतात.

विद्युत् शीतक असलेल्या कॅमेऱ्यात हे काम सोपे असते, मात्र तापमानाची निवड विचारपूर्वक करावी लागते. शीतक हवेपेक्षा ३५° से. इतके कमी तापमान राखू शकत असेल, तर ३०° से. च्या रात्री −५° से. ही त्याची सीमा होय. −१०° से. साठी केलेला संग्रह अशा रात्री निरुपयोगी ठरतो. ०° से. हे तापमान मे महिन्यातही स्थिर ठेवता येते; तेच वर्षभर वापरल्यास एकच संग्रह पुरतो. १, २ व ५ मिनिटांच्या उद्भासनांची प्रत्येकी २५ चित्रे घेण्यास एकूण २०० मिनिटे लागतात. हे काम पावसाळ्यात, आकाश झाकलेले असताना घरात करता येते.

शीतक नसलेल्या कॅमेऱ्यासाठी सु. ३° से. च्या अंतराने निरनिराळे संच लागतात. चित्राबरोबर नोंदले गेलेले कॅमेऱ्याचे तापमान पाहून ते वेगळे करतात. सलग चित्रे घेताना कॅमेरा स्वतः तापतो, म्हणून सुरुवातीची काही चित्रे वगळतात. थंड रात्रींसाठीचे संच शीतकपाटात घेता येतात. बाष्प जमू नये म्हणून कॅमेरा हवाबंद पिशवीत ठेवतात व खोलीच्या तापमानास आल्यावरच बाहेर काढतात.

एका संचातील चित्रे एकत्र करताना मध्यक काढतात अथवा फार वेगळी मूल्ये वगळून सरासरी घेतात. यामुळे विश्वकिरणांचे ठिपके निघून जातात. तयार झालेल्या प्रधान चित्राच्या नावात कॅमेरा, प्रवर्धन, उद्भासनकाल, तापमान व दिनांक यांची नोंद करतात.

मर्यादा : जुळणी चुकल्यास दोष लगेच दिसतो. अंधारचित्र अधिक उष्ण असल्यास ताऱ्यांमध्ये काळे ठिपके उमटतात. ते अधिक थंड असल्यास तप्त चित्रकण शिल्लक राहतात. कडेचा उजळपणा काळाच्या सरळ प्रमाणात वाढत नसल्याने एका उद्भासनकालाचे चित्र गुणून दुसऱ्यासाठी वापरणे सीमॉस संवेदकात धोक्याचे असते. वजाबाकीने अंधारप्रवाहाची सरासरी जाते, त्यातील यादृच्छिक चढउतार मात्र राहतात. ते कमी करण्यास संवेदक थंड करणे किंवा अधिक चित्रे घेणे हेच उपाय आहेत.

काचेवरील धूळ व कडांचा अंधुकपणा यांसाठी समतलचित्रे लागतात. कॅमेरा फिरविला किंवा धूळ हलली की ती बदलतात. म्हणून त्यांचा असा संग्रह करता येत नाही. अंधारचित्रेही कायमची नसतात. विश्वकिरणांच्या आघाताने कालांतराने नवे तप्त चित्रकण निर्माण होतात. त्यामुळे एखादे ताजे अंधारचित्र घेऊन ते जुन्या प्रधान चित्राशी ताडून पाहतात आणि साधारणतः वर्षातून एकदा, शक्यतो पावसाळ्यात, संग्रह नव्याने तयार करतात.