संशोधनाचे मोजमाप : आकडा आणि त्याचा अर्थ

शास्त्रज्ञ आपले संशोधन निबंधरूपाने प्रसिद्ध करतो. त्याचा आधार घेऊन दुसरा शास्त्रज्ञ पुढचे काम करतो, तेव्हा तो आपल्या निबंधात पहिल्या निबंधाचा उल्लेख करतो. हा एका परीने ऋणनिर्देशच होय. अमेरिकेतील यूजीन गारफील्ड यांनी १९६४ मध्ये अशा उल्लेखांची सूची प्रसिद्ध करण्यास प्रारंभ केला आणि कोणत्या निबंधाचा आधार किती वेळा घेतला गेला, हे मोजणे सुलभ झाले. पुढे नेमणुका, बढत्या व अनुदाने यांचा विचार करताना हा आकडा पाहण्याची प्रथा अनेक देशांत रूढ झाली. म्हणून त्याचा अर्थ समजून घेणे अगत्याचे आहे. आयर्लंडमधील शास्त्रज्ञ डेस हिगिन्स यांचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे.

साखळ्यांची जुळणी

प्रत्येक प्रथिन ही मुख्यतः वीस प्रकारच्या अमिनो आम्लांची साखळी असते. सायटोक्रोम-सी नावाचे प्रथिन माणूस, घोडा आणि गहू या तिघांतही थोड्याफार फरकाने आढळते. एखाद्या जुन्या पोथीच्या अनेक हस्तलिखित प्रती घेऊन ओळीखाली ओळ लावली, म्हणजे कोठे अक्षर गळले, कोठे बदलले आणि कोणता भाग सर्वत्र टिकून राहिला, हे ध्यानात येते. प्रथिनांचेही तसेच आहे. जो भाग सर्व सजीवांत टिकला, तो जीवनव्यापारास बहुधा अत्यावश्यक असतो. आणि फरकांवरून सजीवांचे परस्परांशी असलेले नाते कळते.

अशी जुळणी हाताने करणे अत्यंत जिकिरीचे असते. १९८८ मध्ये हिगिन्स आणि पॉल शार्प यांनी त्यासाठी ‘क्लस्टल’ नावाची संगणकीय आज्ञावली प्रसिद्ध केली. ती लहानशा मायक्रोसंगणकावरही चालत असे. मोठ्या यंत्राची आवश्यकता नव्हती. प्रथम दोन-दोन साखळ्यांची तुलना करावयाची, त्यावरून वंशवृक्ष मांडावयाचा आणि मग जवळच्या साखळ्या आधी व दूरच्या नंतर जुळवावयाच्या, अशी तिची रीत होती.

१९९४ मध्ये ज्युली थॉम्पसन व टोबी गिब्सन यांच्या सहकार्याने ‘क्लस्टल डब्ल्यू’ ही सुधारित आज्ञावली पुढे आली. एकाच प्रतीवरून उतरलेल्या दहा प्रती म्हणजे दहा स्वतंत्र साक्षी नव्हेत. त्याचप्रमाणे परस्परांशी फार साम्य असलेल्या साखळ्यांना या आज्ञावलीत कमी भार देण्यात आला.

आकडा काय सांगतो?

‘नेचर’ या नियतकालिकाने २०१४ मध्ये सर्वाधिक उल्लेखिलेल्या शंभर निबंधांची यादी प्रसिद्ध केली. तीत ‘क्लस्टल डब्ल्यू’चा निबंध दहावा होता, त्याचे ४०,२८९ उल्लेख झाले होते. प्रथिनाचे प्रमाण मोजण्याची रीत सांगणारा १९५१ चा निबंध ३,०५,१४८ उल्लेखांसह पहिला होता. याउलट, डीएनएची दुहेरी सर्पिल रचना उलगडणारा १९५३ चा सुप्रसिद्ध निबंध त्या शंभरांत नव्हता.

याचा अर्थ ते संशोधन कमी मोलाचे होते असा मुळीच नव्हे. जे ज्ञान पाठ्यपुस्तकात जाते, त्याचा मूळ निबंध सांगण्याची गरज कोणास वाटत नाही. उलट, साधन वापरणारा प्रत्येक जण त्याचा उल्लेख करतो. शिवाय ज्या शाखेत काम करणारे थोडे, तेथे उल्लेखही थोडेच होतात. तेव्हा उल्लेखांचा आकडा उपयोगाची व्याप्ती दाखवितो. विचाराची खोली मोजण्याचे ते माप नव्हे.

नियतकालिकाच्या आकड्यावरून त्यातील निबंधाची वा लेखकाची योग्यता ठरवू नये, असे आवाहन २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सॅन फ्रान्सिस्को जाहीरनाम्याने केले. हिगिन्स यांच्या कार्याचे महत्त्वही केवळ चाळीस हजारांच्या आकड्यात नाही. मोठा संगणक नसलेल्या प्रयोगशाळेलाही त्यांनी हे काम शक्य करून दिले, यात ते आहे. निवड करणाऱ्यांनी आकडा अवश्य पाहावा. परंतु निर्णयापूर्वी निबंधही वाचावा.